उंची सुरी, सुरीची उंची

सुरी विकत घ्यायला किती वेळ लागतो? माझं आजवरचं उत्तर होतं, दोन मिनिटं. सुपरमार्केटमध्ये भांडी घासायच्या साबणाशेजारी लटकलेल्या सुऱ्यांतली हिरव्या मुठीची एक उचलायची, ट्रॉलीत टाकायची, विषय संपला. बोथट झाली की दुसरी. पण मंडळी, टोकियोत मी एका सुरीसाठी चक्क दोन तास घालवले. तेही एका अशा आकड्यासाठी, जो तिच्या डबीवर लिहिलेलाच नव्हता!

झालं असं, की दादा-वहिनीकडे दहा दिवस टोकियोला गेले होते. ते राहतात निशी-कासाईला, म्हणजे टोकियोतल्या भारतीय आयटीवाल्यांच्या माहेरघरात. निघताना आईला विचारलं, "तुला काय आणू?" आई नेहमी म्हणते, "काही नको गं, तू नीट ये." या वेळी मात्र ती थोडी थांबली आणि म्हणाली, "ती जपानी सुरी म्हणतात ना, भाजीची... ती बघ जमलं तर."

आता माझी आई आणि सुरी हे समीकरण तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

विळी ते ओटा

आईने चाळीस वर्षं विळीवर भाजी चिरली. पाटावर बसायचं, एक पाय विळीच्या पाटीवर, समोर ताट, आणि कोबीचा गड्डा दोन्ही हातांत. तिची कोबीची पचडी आमच्या नातेवाइकांत फेमस. कारण मसाला नव्हे, चिरणं! केसासारखा बारीक कोबी. लग्नकार्यात मावश्या तिला चिरायलाच बसवायच्या. "कोबी हिच्याकडे द्या," हे तिचं बिरुद.

मग गुडघे गेले. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, चालणं छान सुधारलं, पण डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही. विळी ओट्याखाली गेली. ओट्यावर ठेवायची विळी आणून पाहिली, तर पातं थेट छातीसमोर येतं म्हणून आईने पहिल्याच दिवशी परत पाठवली. मग आली आमची हिरव्या मुठीची सुरी.

आणि तिथे आईचं बिनसलं. बोटांचे सांधे थोडे सुजलेले. तिने मूठ घट्ट धरली, की प्रत्येक वारासोबत तिची बोटं बोर्डावर आपटायची. टक. टक. टक. सुरी खाली जायच्या आधी बोटं टेकायची, त्यामुळे भाजी पूर्ण कापलीच जायची नाही. गवार उचलली की माळ! आठवडाभर तिने प्रयत्न केला. मग एक दिवस कामाच्या मावशींना म्हणाली, "तुम्हीच चिरून ठेवत जा." पचडी बंद झाली. कुणी काही बोललं नाही. तीही नाही.

मला वाटायचं, वय झालं, सवय नाही, म्हणून जमत नाही. खरं कारण किती साधं होतं, ते मला टोकियोत कळलं.

काप्पाबाशीतली भिंत

आसाकुसा आणि उएनो यांच्या मध्ये काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. आपल्या पुण्याच्या बोहरी आळीला शिस्त लावली आणि एका सरळ रेषेत उभं केलं तर जे होईल, ते. साधारण ८०० मीटर लांबी, दोन्ही बाजूंना दीडशेहून जास्त दुकानं, आणि सगळी हॉटेलच्या नि स्वयंपाकाच्या सामानाची. कोपऱ्यावरच्या इमारतीवर शेफचं अवाढव्य डोकं आहे, त्यामुळे चुकायची सोय नाही. निशी-कासाईहून तोझाई लाइनने निहोम्बाशी, तिथून गिन्झा लाइनने तावारामाची, मग पाच-सात मिनिटं पायी.

सुऱ्यांच्या दुकानात शिरले आणि थबकले. भिंतभर सुऱ्या. त्यातली भाजीची कुठली, हे ओळखणं सोपं होतं. बाकीच्यांना टोक असतं, हिला नाही. सरळ आयत. एखाद्या छोट्या सत्तूरसारखी दिसते, पण हातात घेतली की कळतं, सत्तूर नव्हेच ही. पातं पातळ, वजन हलकं. हिचं नाव 'नाकिरी', म्हणजे शब्दशः 'भाजी कापणारी'. धार दोन्ही बाजूंनी लावलेली. हिचीच एक बहीण आहे 'उसुबा', तिला धार एकाच बाजूने असते. ती व्यावसायिक आचाऱ्यांची. घरच्या ओट्यावर नाकिरी.

भाजीसाठी वेगळी सुरी कशाला, असं वाटेल. त्याला इतिहास आहे. सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली. पुढे कित्येक शतकं जपानी घरातलं रोजचं जेवण म्हणजे भात, भाजी, सोयाबीनचे पदार्थ आणि मासे. मांस पूर्ण बंद झालं नाही, पण ताटाच्या मध्यभागीही आलं नाही. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याची बातमी आली, पाश्चात्य पद्धतीचं जेवण आलं, त्यासोबत टोकदार सुऱ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्हींचा मेळ घालणारी 'सान्तोकु' घरोघरी पोचली आणि नाकिरी थोडी मागे पडली. पण मुळा, कोबी, गाजर, पालेभाजी रोज चिरणाऱ्यांनी तिला सोडलं नाही.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मला आईच आठवली. टोकियोच्या बाजूच्या घरांतही पूर्वी बायका जमिनीवर बसून किंवा उकिडव्या बसून स्वयंपाक करायच्या. उभ्याचं स्वयंपाकघर तिथे रुळायला लागलं ते तायशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ च्या सुमारास, आणि घरोघरी पोचलं ते युद्धानंतर फ्लॅट उभे राहिल्यावर. म्हणजे जमिनीवरून ओट्याकडे जायचा प्रवास त्यांनीही केलाय. फक्त आपल्या थोडं आधी.

१६५ म्हणजे काय, आणि काय नाही

डबीवर एकच आकडा ठळक होता, १६५ मिलिमीटर. दादा खूश. "झालं! सगळ्या १६५ च्याच आहेत. दिसायला भारी ती उचल, मग रामेन खायला जाऊ."

पण १६५ ही पात्याची लांबी. शेजारी शेजारी टांगलेल्या तीन सुऱ्या लांबीला सारख्या आणि अंगाने अगदी वेगळ्या होत्या. एक सडपातळ, एक मध्यम, एक ऐसपैस. विक्रेत्या मुलीला दादाने जपानीत विचारलं, तर तिने खिशातून छोटी पट्टी काढली आणि पात्याच्या मागच्या टोकाला, मुठीजवळ उभी लावली. वरच्या कण्यापासून धारेपर्यंत. पहिली ४४ मिलिमीटर, दुसरी ५१, तिसरी ५८.

ही सुरीची उंची. नाकिरी सहसा ४५ ते ५५ च्या आसपास असते, काही त्याहून उंच. कागदावर बघितलं तर सात मिलिमीटर म्हणजे काय? करंगळीच्या नखाएवढा फरक! पण हातात धरून लाकडी बोर्डावर टेकवल्या आणि माझी ट्यूब पेटली. पहिलीत माझी बोटं बोर्डाला जवळजवळ चिकटली. तिसरीत खालून पेन सरकवता आलं असतं.

म्हणजे आईची बोटं आपटत होती, ती वयामुळे नाही, सवयीमुळे नाही. आमच्या त्या हिरव्या मुठीच्या सुरीचं पातं जेमतेम पंचवीस मिलिमीटर उंच आहे. तिच्या बोटांना खाली जागाच नव्हती!

विळीवर हा प्रश्नच येत नाही. तिथे पातं स्थिर, भाजी हलते. हात बोर्डाच्या वर आहे की खाली, याला अर्थच नाही, कारण बोर्डच नाही. चाळीस वर्षं जी गोष्ट आईला कधी सांभाळावी लागली नव्हती, तीच सुरीमध्ये सगळ्यात महत्त्वाची होती. आणि आम्ही तिच्या हातात घरातली सगळ्यात ठेंगणी सुरी दिली होती.

शिवाय नाकिरीची धार सपाट असते. टोकावर टेकवून झुलवायची नाही. वरून खाली, किंचित पुढे ढकलत, आणि धार पूर्ण लांबीने बोर्डावर टेकली पाहिजे. म्हणजे हातही प्रत्येक वेळी पूर्ण खाली येणार. म्हणून या सुरीत बोटांखालची जागा ही चैन नाही, गरज आहे.

लाटणं, टेप आणि व्हिडिओ कॉल

टोकियोत दुपारचे तीन, म्हणजे पुण्यात साडेअकरा. आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, लाटणं घे."

"आत्ता? पोळ्या झाल्या माझ्या."

"अगं, लाटायचं नाहीये. लाटण्याची बारीक मूठ सुरीसारखी धर. आता हात ओट्यावर टेकव, बोटं खाली. टेकली? आता लाटणं आणि ओटा यांच्यामध्ये किती जागा आहे, ते मोज."

"कशाने मोजू?"

"शिलाईची टेप आहे ना?"

टेप शोधण्यात पाच मिनिटं. दुकानातली मुलगी शांतपणे उभी. दादा घड्याळाकडे बघतोय. मग आईचा आवाज, "दोन सेंटिमीटर आणि वर दोन रेघा."

बावीस मिलिमीटर. ही आईच्या दुमडलेल्या बोटांची जाडी, सुजलेल्या सांध्यांसकट. माझी मोजली तर सतरा भरली.

आता हिशेब सोपा. सुरीची मूठ कण्याच्या पातळीपासून खाली साधारण वीस मिलिमीटर उतरते. ४४ मधून २० गेले, राहिले २४. आईची बोटं २२. म्हणजे फक्त दोन मिलिमीटर मोकळे. हात जरा तिरका झाला की टक! ५१ मध्ये राहतात ३१, म्हणजे नऊ मिलिमीटर मोकळे. ५८ मध्ये सोळा.

"मग ५८ घे ना," दादा म्हणाला. "मोठी ती बरी. आणि दिसतेय बघ कसली सॉलिड!"

दिसत होतीच. खोटं कशाला बोलू, मलाही तीच आवडली होती. उंच पात्याचे फायदेही खरे आहेत. डाव्या हाताची बोटं आत दुमडून पेरं पात्याला टेकवायची असतात, म्हणजे पातं पेरांना घासत खाली येतं आणि बोट कापत नाही. पातं उंच असलं की पेरांना भिंतीसारखा आधार मिळतो. चिरलेली भाजी पात्यावर भरून थेट कढईत टाकता येते. आणि प्रत्येक वेळी दगडावर धार लावताना पोलाद थोडं थोडं झिजतं, म्हणजे वर्षानुवर्षांत सुरीची उंची कमीच होत जाते. आज उंच घेतली तर उद्यासाठी शिल्लक राहते.

मग अडचण काय?

वर ओटा, वर बोर्ड, वर सुरी

अडचण विक्रेत्या मुलीच्या एका साध्या प्रश्नात होती. आईची उंची किती, आणि ओट्याची किती?

जपानमध्ये ओट्याच्या उंचीचा एक ठोकताळा सर्रास वापरतात. आपल्या उंचीचे निम्मे करायचे, त्यात पाच सेंटिमीटर मिळवायचे. आई चार फूट अकरा इंच, म्हणजे १५० सेंटिमीटर. निम्मे ७५, अधिक पाच, ८०. आमचा ओटा ८४. तो बिल्डरने बांधला, आईला विचारून नाही.

म्हणजे ओटा आधीच चार सेंटिमीटर जास्त. त्यावर तीन सेंटिमीटर जाडीचा बोर्ड. आणि त्यावर सुरी. सुरी जितकी उंच, तितका हात वर, तितकं कोपर वर, तितका खांदा वर. ४४ ऐवजी ५८ घेतली तर हात जवळपास दीड सेंटिमीटर आणखी चढतो. एका गाजराला काही वाटणार नाही. पण अर्धा किलो गवार निवडून चिरताना खांदा बोलायला लागतो. बोटांना वाचवायला गेलो आणि खांद्याला दिलं, असा सगळा कारभार!

वजनाचंही तेच. लांबी तीच ठेवून पातं सात मिलिमीटर वाढलं की साधारण पंधरा ग्रॅम वाढतात. ऐकायला काहीच नाही. पण ते वजन मुठीपासून लांब, पुढे असतं, आणि दर वेळी उचलावं लागतं. रुंद पात्याला बटाट्याच्या, काकडीच्या चकत्याही जास्त चिकटतात.

आणि उंच पातं म्हणजे मोठ्या भाजीवर सोपी मात, हाही एक गैरसमज. अख्ख्या कोबीसमोर ५१ काय आणि ५८ काय, दोन्ही बुटकेच. कोबीचे आधी चार तुकडे करायचे, सपाट बाजू खाली ठेवायची, तळहाताने थोडा दाबायचा. सुरी उंच करण्यापेक्षा भाजी ठेंगणी करणं स्वस्त पडतं.

मी ५१ वर बोट ठेवलं. दादा म्हणाला, "मधलीच घ्यायची होती तर दोन तास कशाला घालवलेस?"

मुद्दा रास्त होता. पण मधली म्हणून नाही घेतली मी. माझ्यासाठी घेतली असती तर ४४ पुरली असती. सहा फुटी दादाने स्वतःसाठी घेतली असती तर ५८ शोभली असती. ५१ ही आईच्या बोटांची आणि आईच्या खांद्याची तडजोड होती. दुसऱ्या कुणाच्या नाही.

पोलाद स्टेनलेस घेतलं. साध्या कार्बन पोलादाची धार सुरेख लागते, पण लिंबू-चिंचेने काळं पडतं आणि ओलं ठेवलं की गंजतं. आईला लोखंडी विळी पुसून ठेवायची सवय आहे, तिला जमलं असतं. आमच्या सिंकवर मात्र माझा विश्वास नाही. दुकानाने सुरी खोक्यात नीट बंद करून दिली. जपानमध्ये सहा सेंटिमीटरहून लांब पात्याची सुरी योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे ती घरी येईपर्यंत उघडायची नाही. आणि विमानात अर्थात चेक-इन बॅगेत. हँडबॅगेत ठेवलीत तर सिक्युरिटीवाले तुमच्याकडे बघतील तेवढं पुरे.

पुण्यात

आमच्या घरी सुरी कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी खोकं टेबलावर ठेवलं. आईने उघडलं, पात्यावर अंगठा आडवा फिरवून पाहिला, आणि पहिला प्रश्न, "केवढ्याला?" मी अर्धी किंमत सांगितली. तीही जास्त झाली.

सिनेमात असतं तसं काही घडलं नाही. पहिल्या दिवशी आईने गाजर चिरलं आणि सुरी ठेवून दिली. बोटं आपटत नव्हती, पण ओट्यावर खांदे वर येत होते, ते मला दिसत होतं. तीच म्हणाली, "पाटावर उभी राहू का?" नवे गुडघे आणि पाट? मी आडवी पडले.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन घरभर फिरले. डायनिंग टेबल ७६ सेंटिमीटर. जाड बोर्ड बाजूला ठेवला, दीड सेंटिमीटरचा पातळ आणला, खाली ओलं फडकं घातलं म्हणजे सरकू नये. वरचा पृष्ठभाग साडेसत्याहत्तरवर. ओटा आणि जाड बोर्ड धरून होता ८७. म्हणजे सुरी बदलून मिळवलेल्या मिलिमीटरांपेक्षा टेबल बदलून मिळालेले सेंटिमीटर जास्त! एवढं कळायला मला टोकियोला जावं लागलं. असो.

आई टेबलाशी उभी राहिली. खांदे खाली. कोबीचा चतकोर तुकडा, सपाट बाजू खाली. पहिल्या चार-पाच चकत्या जाड आल्या. मग तिने मुठीची पकड बदलली, थोडी पुढे सरकवली. आवाज बदलला. टक-टक नव्हे, पातं बोर्डाला टेकल्याचा तो बारीक, एकसारखा आवाज. मी दारात उभी होते, तिला कळू न देता.

विळीइतकं बारीक आलं का? नाही. आईनेच चिमूट उचलून उजेडात धरली आणि निकाल दिला, "पचडीला चालेल. लग्नाला नाही."

मग महिना गेला. नारळ अजून बाहेरून खवून आणतो. लाल भोपळा आणि सुरण मी जाड सुरीने कापते, कारण एवढ्या पातळ धारेचे कठीण सालीवर टवके उडतात. पण कोबी, गवार, भेंडी, मेथी आईकडे. मध्ये खुर्ची घेऊन बसते, मग पुन्हा उठते. कामाच्या मावशींनी सवयीने कोबी हातात घेतला, तर आई आतून म्हणाली, "तो राहू दे. कोबी माझ्याकडे."

पचडी झाली. मी दोनदा वाढून घेतली. कुणी काही बोललं नाही. पण या वेळी न बोलण्याचं कारण वेगळं होतं.

भाजीची सुरी घेताय? आधी हे करा

१. लाटण्याची मूठ धरून हात ओट्यावर टेकवा आणि खालची जागा मोजा. त्यात मुठीचे साधारण २० आणि मोकळे ७ ते १० मिलिमीटर मिळवा. ही तुमच्या सुरीची किमान उंची.

२. डबीवरचा आकडा लांबीचा असतो. उंची मुठीजवळ, कण्यापासून धारेपर्यंत स्वतः मोजा. दुकानात पट्टी न्यायला लाजू नका.

३. खात्री नसेल तर पुठ्ठ्याचे ४५, ५० आणि ५५ मिलिमीटर उंचीचे आयत कापा, जुन्या सुरीच्या मुठीला चिकटवा आणि बोर्डावर खोटं खोटं चिरून बघा. दहा मिनिटांत हात उत्तर देतो.

४. तुमची उंची भागिले दोन, अधिक पाच सेंटिमीटर. ओटा याहून उंच असेल तर फार उंच सुरी नको, आणि जाड बोर्ड तर नकोच.

५. घरात ठेंगणी सुरी आहे आणि नवी घ्यायची नाही? बोर्डाच्या कडेला चिरा, म्हणजे मूठ आणि बोटं कडेबाहेर राहतील. फुकटात उंची वाढते.

६. आणि सुरी दुसऱ्यासाठी घेत असाल तर आपला हात मोजू नका. त्यांना फोन लावा. दुकानदार थांबतो.